मोडणं वेगळं, तुटणं वेगळं

समोर काही मोडलं की आमच्या सरांचा चेहरा उजळायचा. कुणाच्या हातून कप पडला की बाकीचे लोक "अरे अरे" करतात. सर "थांबा, कुणी हात लावू नका!" म्हणत गुडघ्यावर बसायचे. मी विभागात शिकवायला रुजू झाले त्या दिवशी, पहिल्याच तासाला, मला दिलेल्या खुर्चीचा पाय गेला आणि मी थेट फरशीवर आले. सर, म्हणजे तेव्हाचे विभागप्रमुख, धावत आले. मला वाटलं, आता हात देऊन उठवतील. त्यांनी खुर्चीचा पाय उचलला, खिडकीपाशी नेला, उजेडात फिरवून पाहिला आणि म्हणाले, "वा! वेल्डिंगपासून गेलाय. मॅडम, तुमच्या वजनाचा काही संबंध नाही, निश्चिंत राहा." मला कुठं लागलं का, हे विचारायचं त्यांना दुपारी डबा खाताना आठवलं.

सर मूळचे चाकणजवळच्या निघोज्याचे. घरची शेती औद्योगिक वसाहतीत गेली होती. "आमच्या ज्वारीच्या वावरात आता गाड्यांचे दरवाजे पिकतात," असं ते सांगायचे, आणि सांगताना त्यांच्या आवाजात कडवटपणा नसायचा, उलट गंमत असायची. शिकायला परदेशी गेले, धातू कसे मोडतात या विषयात डॉक्टरेट घेऊन परत आले. भावाला म्हणे हे काही पटलं नाही. "मोडायला शिकाया येवढ्या लांब जायाचं काय काम व्हतं? गावात ऱ्हायला असतास तर फुकाट शिकवलं असतं," असं तो म्हणाला, आणि सर हे वाक्य दरवर्षी नव्या मुलांना पहिल्या तासाला ऐकवायचे.

त्यांच्या बोलण्याच्या दोन तऱ्हा होत्या. वर्गात शुद्ध, तोलूनमापून बोलणं. विद्यापीठाच्या मीटिंगमध्ये मात्र मुद्दाम गावाकडचं. समोर कुलगुरू असले तरी "न्हाई राव, हे आमाला न्हाई जमायचं" असं बिनदिक्कत म्हणायचे. मी एकदा विचारलं, की असं का? तर म्हणाले, "शुद्ध बोललो की ते शुद्ध भाषेत नाही म्हणतात. गावाकडचं बोललो की त्यांना आधी हसू येतं. हसलेल्या माणसाला लगेच नाही म्हणता येत नाही."

आता सरांचा सिद्धांत सांगितलाच पाहिजे, कारण त्याच्याशिवाय हे सर कुणाला कळायचे नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की मराठी माणसाला हे शास्त्र बोलायला लागल्यापासून येतं. "दोरी काय होते?" ते विचारायचे. मुलं म्हणायची, तुटते. काठी? मोडते. काच? फुटते. कापड? फाटतं. शिवण? उसवते. भांडं? तडकतं. "कुणी शिकवलं तुम्हाला? काठी फुटली असं कुणी म्हणालं तर तुम्ही त्याला वेड्यात काढाल. म्हणजे कुठली वस्तू कशी जाते, हे तुम्हाला ठाऊक आहे. इंग्रजीत बिचाऱ्यांना सगळ्याला एकच शब्द!" इंग्रजीत तसं नाही, तिथंही चार-सहा शब्द आहेत, हे मी एकदा सांगून पाहिलं. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मनाला आवडलेल्या सिद्धांतापुढे सर पुराव्याला फार मोठेपणा देत नसत.

पेपर तपासताना मात्र कसाई. एका मुलानं "शाफ्ट फुटला" असं लिहिलं. सरांनी मार्क कापले आणि समासात लिहिलं, "शाफ्ट म्हणजे मडकं आहे का?"

या सगळ्या क्रियापदांत त्यांचं लाडकं एकच होतं, शिणणं. "एका दिवसाच्या ओझ्यानं माणूस सहसा मोडत नाही. रोजच्या लहान लहान ओझ्यानं शिणतो. बाहेरून धडधाकट दिसतो, आणि एक दिवस काही कारण नसताना खाली बसतो. लोखंडाचंही तेच. त्याला म्हणायचं शिणून तुटणं." हे सांगताना त्यांचा आवाज हळू व्हायचा, आणि मागच्या बाकावरचे मोबाईल आपोआप खिशात जायचे.

स्वतःलाही त्यांनी या शास्त्रातून सवलत दिली नाही. भोसरीच्या पुलाखाली स्कूटर घसरली आणि डावा हात गेला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, फ्रॅक्चर आहे. सर म्हणाले, "ते झालं हो, पण तडकलाय का मोडलाय?" डॉक्टरांनी प्लास्टर जरा जास्तच घट्ट घातलं असावं. एक्स-रे मात्र सरांनी मागून आणला आणि वर्गाच्या खिडकीला चिकटवला, तो सत्र संपेपर्यंत तिथंच. एकदा त्यांच्या मंडळी काही कामानं विभागात आल्या, त्यांनी तो पाहिला आणि मला म्हणाल्या, "लग्नातला फोटो घरी कपाटाच्या वर पडलाय, आणि हे हाड बघा कसं दर्शनी भागात!"

विभाग म्हणजे काय होता तेव्हा? मेकॅनिकलच्या वर्कशॉपमागच्या दोन खोल्या. पलीकडे दिघीच्या बाजूला लष्कराची मोकळी जमीन, अलीकडे आम्ही, तितकेच मोकळे. मंजूर जागांपैकी बऱ्याचशा रिकाम्याच राहायच्या. मुलं यायची ती कॉम्प्युटर मिळालं नाही, मेकॅनिकल मिळालं नाही म्हणून. मेकॅनिकलचे प्रमुख माणूस सभ्य, इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. ते दर मीटिंगला म्हणायचे, "अहो, शेवटी हा आमच्याच विषयाचा एक पेपर आहे. वेगळं बिऱ्हाड कशाला?" आणि एका वर्षी विद्यापीठानं ते मनावर घेतलं. समिती नेमायची, समितीनं पाहायचं, आणि जागा अशाच रिकाम्या राहणार असतील तर विभाग बंद करून मेकॅनिकलमध्ये मिसळून टाकायचा. सरांनी त्या दिवशी डबा उघडलाच नाही, तसाच घरी नेला. "मॅडम, एकदा का आपण एका पेपरपुरते उरलो, की पुढच्या वर्षी तो पेपर ऑप्शनला जाईल," एवढंच म्हणाले. आयुष्यात त्यांनी एवढी एकच गोष्ट उभी केली होती. तीच जाणार होती.

जागा रिकाम्या राहायला आमची पाटीही कारणीभूत होती. कार्यालयातल्या कुणी तरी विभागाच्या 'मटेरियल्स सायन्स' या इंग्रजी नावाचं मराठी केलं होतं 'पदार्थ विज्ञान विभाग', आणि पेंटरनं ते ठसठशीत रंगवलं होतं. ते वाचून भौतिकशास्त्रवाले चुकून यायचे, हे ठीक. पण त्या जूनमध्ये कुरुळीच्या एक बाई मुलीला घेऊन आल्या आणि दारातून म्हणाल्या, "पदार्थाचं कालेज हितंच हाय ना?"

मी म्हटलं, म्हणजे?

"आमच्या पोरीच्या हाताला चव लई हाय. कंपन्यांना डबे पुरवायचा धंदा टाकायचाय. म्हटलं, शिक्षण झालं म्हंजी कॉन्ट्रॅक्ट भेटतंय."

मी समजावून सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात सर आतून आले. "बसा ताई." मग मुलीकडे वळून म्हणाले, "बारावीला काय?"

"सायन्स."

"चकली करता येते? मग सांग, चकली तुटते कधी आणि मोडते कधी?"

मुलीनं आईकडे पाहिलं, मग सरांकडे. "पीठ नीट मळलं नसलं तर सोऱ्यातून पडतानाच तुटते, सर. आणि तळून झाली की मोडते. मोहन कमी पडलं तर मोडतच नाही, दात मोडतो."

सर टाळी वाजवून माझ्याकडे वळले. "ऐकलंत? कच्ची तुटते, तळलेली मोडते! हिला घेतली!"

"पर पदार्थ कवा शिकवनार?" आईनं विचारलं.

"ताई, पदार्थच शिकवतो. फक्त खायचे न्हाईत."

आई उठायच्या बेतात होत्या. पण मुलगी टेबलावर पडलेल्या एका मोडक्या दातेरी चाकाकडे टक लावून बघत होती. "आई, डब्यांचं मागनं बघू," ती म्हणाली. अशा रीतीनं त्या वर्षी आमची एक जागा भरली.

भरलेल्या मुलांना शिकवायचं कशावर, हा पुढचा प्रश्न. "मोडकं दाखवल्याशिवाय मोडणं कसं शिकवू?" सर म्हणायचे. पुस्तकातल्या चित्रांवर त्यांचा विश्वास नव्हता. विद्यापीठाकडे पैसे नव्हते. मग सर स्कूटर घेऊन चाकणच्या रस्त्याला लागले. एकेका कंपनीच्या गेटवर जायचं आणि विचारायचं, "तुमच्याकडं काही मोडकं आहे का?"

आता चाकणच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसानं असं करावं, याला काय म्हणायचं? कुठल्या गेटमधून कुणाचं भंगार निघतं हे तिथं शेताच्या बांधासारखं ठरलेलं असतं, आणि दुसऱ्याच्या बांधावर पाय ठेवणाऱ्याला कुणी चहा विचारत नाही. वॉचमन हळूच सांगायचे, "काका, भंगाराला आपले भाऊ आहेत, तुम्ही जा." पण सर पुढच्या गेटवर जायचे. आठवड्याभरात बातमी फिरली, की कुणी स्कूटरवाला माणूस सगळ्या गेटांवर भंगार मागत फिरतोय आणि त्याच्यामागे कुणी तरी मोठा असणार. एरवी कोण एवढी हिंमत करतो?

आणि एका सकाळी विभागासमोर पांढरी गाडी थांबली. उतरले ते त्या भागातले भंगाराचे ठेकेदार. त्यांना सगळे भाऊ म्हणायचे. जुन्या शेतकरी घरातले, भारदस्त, पांढरे कपडे. मागे उभी राहिलेली माणसं बघून आमच्या शिपायानं स्टुलासकट माघार घेतली. भाऊंनी खुर्ची ओढली.

"सर, तुमी शिकल्याली मान्सं. ह्या धंद्यात कशापायी पडताय? गेटं वाटून घेतल्यात आमी."

"गेट न्हाई पायजे भाऊ. टनावारी माल न्हाई पायजे. एकेक नग पायजे, मोडका."

"येक नग? त्यात काय सुटतंय?"

"काय सुटत न्हाई. बघायचाय."

"बघायचाय?" भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. सरांची तब्येत बरी आहे ना, असा त्या नजरेचा अर्थ होता. मीही मान हलवून 'बरी आहे' असं सांगितलं.

सरांनी विचारलं, "तुमच्या टेम्पोच्या स्प्रिंगचा पाटा कधी तुटलाय का?"

"लई येळा. सारखाच तुटतोय."

"तुटलेला कुठाय?"

"भंगारात," भाऊ म्हणाले आणि स्वतःच हसले. मागची माणसंही हसली. सरांनी तो पाटा आणवला. तास-दीड तासात टेम्पो दारात. सर पाटा घेऊन खिडकीपाशी गेले, भिंग लावलं, भाऊंना जवळ बोलावलं आणि बोटानं दाखवत गेले. ही बघा गंजाची टिकली. इथून सुरुवात. या रेघा बघा, रोज थोडं थोडं पुढं सरकलंय. आणि हा खरखरीत भाग एका झटक्यात गेलाय, बहुतेक खड्ड्यात. "म्हणजे टेम्पो खड्ड्यात गेला म्हणून पाटा तुटला नाही, भाऊ. तो कधीचाच शिणला होता. खड्ड्याचं नुसतं नाव झालं."

भाऊंनी त्या तुटलेल्या तोंडावरून अंगठा फिरवला. "आमी जन्मभर ह्येचं वजन केलं राव," ते म्हणाले. "बघितलं कदी न्हाई."

त्यानंतर भाऊंच्या टेम्पोला आमच्या दारात थांबायची सवयच लागली. विकत घेतलेल्या भंगारातून निवडून काढलेले एकेक नग उतरायचे आणि टेम्पो पुढे वजनकाट्यावर जायचा. दुसरी खोली भरली. मुलांनी तिचं नाव ठेवलं भंगारखोली. सरांनी फळ्या ठोकून घेतल्या आणि प्रत्येक फळीवर क्रियापद लिहिलं: तुटलेले, मोडलेले, फुटलेले, तडकलेले, झिजलेले, शिणलेले. नवीन नग आला की तो कुठल्या फळीवर जाणार यावर मुलं अक्षरशः भांडायची. कुरुळीची मुलगी त्यात सगळ्यांत पुढे. जेवायची सुट्टी विसरून तिला एखाद्या बोल्टावर वाद घालताना बघून मेकॅनिकलची मुलं दारात थबकायची, आणि त्यातली काही आतही यायची. मेकॅनिकलच्या प्रमुखांनी तक्रार केली, की हा विभाग आहे की भंगाराचं दुकान? सर म्हणाले, "दुकान असतं तर काही सुटलं असतं राव."

मग, नेमता नेमता तीन वर्षं घालवून, समिती आली. अध्यक्ष होते चाकणकडच्या एका मोठ्या कंपनीचे साहेब. घड्याळाकडे बघतच आले. निर्णय मनात झालेला दिसत होता. मेकॅनिकलचे प्रमुख बरोबर होते आणि यजमानासारखे रस्ता दाखवत होते. साहेबांनी यंत्रसामग्री विचारली. सरांनी जुना मायक्रोस्कोप दाखवला. साहेबांनी मान हलवली आणि "अजून काही?" असं विचारलं, ते निघायच्या तयारीनं.

"आहे की," सर म्हणाले आणि भंगारखोलीचं दार उघडलं.

साहेब आत गेले, दोन फळ्यांवरून नजर फिरवली आणि एकदम थांबले. 'शिणलेले' लिहिलेल्या फळीवरून त्यांनी एक शाफ्ट उचलला. त्याच्यावरचा नंबर वाचला. त्यांचा आवाज चढला. "हा आमचा माल आहे! इथं कसा आला?"

गेला आपला विभाग, असं मनात आलं. कोपऱ्यात भाऊ उभे होते. ते नेमके त्याच दिवशी माल उतरवायला आले होते. ते शांतपणे पुढे झाले. "साहेब, गेटाच्या भायेर पैसं देऊन आणलं की ते भंगार. भंगार आमचं. आमी ते सरास्नी दिलं. चोरी न्हाई."

साहेबांनी एकदा भाऊंकडे पाहिलं. मग हातातल्या शाफ्टकडे. हळूच म्हणाले, "हे शाफ्ट आम्हाला हैराण करतायत. स्टील बदललं, सप्लायर बदलला. तरी तुटतायत."

सरांनी कुरुळीच्या मुलीकडे पाहिलं. ती आता शेवटच्या वर्षाला होती. मला माहीत आहे, सरांना त्या शाफ्टचं उत्तर माहीत होतं आणि ते सांगायला त्यांची जीभ वळवळत होती. अख्ख्या विभागाचा जीव त्या उत्तरावर होता. तरी त्यांनी ते विद्यार्थिनीला सांगू दिलं. मी पाहिलेलं सगळ्यांत मोठं धाडस ते.

"स्टीलचा काही दोष नाही, सर," मुलगी म्हणाली. तिनं शाफ्ट हातात घेतला, साहेबांना भिंग दिलं. "या रेघा बघा. सगळ्या एकाच ठिकाणाहून निघाल्यात, पंख्यासारख्या. तिथं तुमचा नंबर आहे. पंच मारून कोरलेला. सातच्या पायाशी पहिली चीर पडली. तिथं शाफ्ट बारीक होतो, म्हणजे सगळा ताण तिथंच येतो, आणि तुम्ही नेमका तिथंच नंबर ठोकता. शाफ्ट मोडला नाही, सर. नंबरापासून शिणत शिणत तुटला."

साहेबांनी कोट काढून भाऊंच्या हातात दिला, खाली उकिडवे बसले आणि तो शाफ्ट उजेडात फिरवत राहिले. "फळीवर अजून आहेत?" त्यांनी विचारलं. अजून होते. मुलीनं एकेक काढून दिला. प्रत्येकाची सुरुवात नंबराच्या कुठल्या ना कुठल्या आकड्यापासून.

"आणि नंबर टोकाला मारला तर? जाड भागावर?"

"मग तिथून नाही सुरू होणार, सर."

साहेब उठले. मेकॅनिकलचे प्रमुख काही तरी म्हणायला लागले होते, की हे आमच्याकडेही शिकवतो वगैरे. साहेब त्यांना म्हणाले, "थांबा हो जरा," आणि सरांकडे वळले. "तुमचा विभाग कुणातही मिसळायचा नाही. तसं इथंच लिहून देऊन मगच मी जातो. आणि माझे इंजिनिअर सोमवारपासून इथं शिकायला पाठवतो. घ्याल?"

"घेऊ की राव," सर म्हणाले. "खुर्च्या तेवढ्या तुमच्या आणा. आमच्या मोडक्या हायत."

पुढे काय झालं ते आता सगळ्यांना दिसतंच आहे. कंपनीनं नंबराची जागा बदलली आणि ही हकिकत एका कँटीनमधून दुसऱ्या कँटीनमध्ये पोचत गेली. मग मोडकं मागायला आम्हाला जावं लागेना, लोक स्वतः घेऊन यायला लागले. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आला. तो ज्या दिवशी चालू झाला त्या दिवशी सरांनी त्याला हार घातला आणि भाऊंच्या हातून नारळ फोडून घेतला. नारळ फुटल्यावर करवंटी मात्र बघायला घेतली. वेगळी इमारत झाली. भंगारखोलीचं एवढं मोठं दालन झालं की बाहेरच्या विद्यापीठांतली माणसं ते पाहायला येतात आणि फळ्यांवरची मराठी क्रियापदं वहीत उतरवून नेतात. कुरुळीच्या मुलीला साहेबांनी नोकरी देऊ केली होती. तिनं ती घेतली नाही, इथंच डॉक्टरेट केली, आणि आज ती आमची विभागप्रमुख आहे. मी तिच्या हाताखाली काम करते आणि ते अभिमानानं सांगते. सर निवृत्त होऊन निघोज्याला राहायला गेले.

या वर्षी प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी ते आले. बरोबर गावच्या सख्ख्या भावाची नात. तो मागेच लागला होता म्हणे, "तुझंच कालेज हाय, पोरीला घालत न्हाईस व्हय?" सर बाकीच्या पालकांबरोबर रांगेत उभे राहिले. मी उठून पुढे बोलवायला गेले तर हातानं नको म्हणाले. त्यांची पाळी आली. टेबलापलीकडे विभागप्रमुख बसली होती. सरांना पाहून ती उभी राहिली, वाकून नमस्कार केला. मग मुलीचा अर्ज पाहिला, यादी पाहिली, पुन्हा अर्ज पाहिला. तिचे डोळे भरून आले होते. पण आवाज ठाम होता.

"सर, जागा नाहीत."

सरांनी कान पुढे केला. "काय म्हणालीस?"

"सगळ्या भरल्या, सर. वेटिंगलाही हिचे मार्क पुरत नाहीत. तुम्ही म्हणालात तरी मला करता येणार नाही."

ती पोरगी आजोबांच्या शर्टाला धरून उभी. मला वाटलं, आता सर चिडणार, किंवा गप्पच होतील. त्यांनी टेबलावर दोन्ही हात टेकले, पुढे झुकले आणि म्हणाले, "पुन्हा म्हण."

"जागा नाहीत, सर."

"अजून एकदा. मोठ्यानं."

"जागा नाहीत!"

सर रांगेकडे वळले. सगळा चेहरा फुलला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं भानही नव्हतं. "ऐकलं का राव? ह्यो विभाग मी काढला, आन् माझ्याच घरातल्या पोरीला हितं जागा न्हाई!" लोकांना काही कळेना, पण कुणी तरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवली. सरांनी नातीच्या खांद्यावर हात टाकला आणि दाराकडे निघाले.

"रडू नगंस," ते तिला म्हणाले. "चल, मेकॅनिकलला इचारू. तितं रिकाम्या असत्याल."